गाडी कुणाची?

वर्षभर एक गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली आहे. ती बोलून टाकल्याशिवाय वाचकांना कथा-कवितांकडे सोडवत नाही. संध्याकाळी मालाड स्टेशनाच्या पश्चिमेला मार्वे रोडच्या बससाठी रांग लागते. गाडी येते ती विजेची. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे, काचा बंद, धूर नाही, घरघर नाही. फक्त ती येते तेव्हा रांगेतले निम्मे लोक शेअर रिक्षात कोंबून मालवणीला पोचलेले असतात.

२०२५ सालात बोलण्यासारखे पुष्कळ घडले. पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले, जयंत नारळीकर गेले, मराठवाड्यातली उभी पिके पाण्यात गेली. त्यावर आमच्यापेक्षा जाणते लोक लिहितील. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'प्रवास'. हिमालय आला, नर्मदा परिक्रमा आली, मार्वे रोड मात्र कुणी मनावर घेतला नाही. ते काम संपादकाकडे.

सरकारी ताफा विजेवर न्यायचे राज्याने २०२१ च्या धोरणात ठरवले. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांनी आणि पालिकांनी नवी गाडी विकत वा भाड्याने घ्यायची तर ती विजेचीच, असा निर्णय झाला. उत्तम. पण विजेची गाडी घेताना महाग, चालवताना स्वस्त. जी दिवसभर पळते, तिचाच खर्च वसूल होतो. साहेबांना मंत्रालयात सोडून संध्याकाळपर्यंत झाडाखाली उभी राहणारी मोटार विजेची केली, तर फोटो चांगला येतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत फिरणारी बस विजेची केली, तर डिझेल वाचते. मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाने नोव्हेंबर २०१७ मध्ये विजेच्या पहिल्या गाड्या रस्त्यावर आणल्या, त्याचे आम्हीही कौतुक केले होते.

खटकते ते पुढचे. २०१९ च्या केंद्राच्या 'फेम-२' योजनेत बसला अनुदान होते, पण गाडी कंत्राटदाराने चालवायची आणि उपक्रमाने किलोमीटरमागे पैसे मोजायचे, या अटीवर. म्हणजे वीज आणि कंत्राट एकाच दाराने आत आले. त्याच वर्षी बेस्टने स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचा करार कामगार संघटनेशी केला होता. आज त्या पाचशेच्याही आत आल्या आहेत. जुन्या गाड्या वय झाले म्हणून भंगारात गेल्या आणि त्यांची जागा भरून निघेल एवढ्या नव्या आल्या नाहीत. मे २०२५ मध्ये किमान भाडे मात्र पाचाचे दहा झाले, वातानुकूलित गाडीचे सहाचे बारा.

बऱ्याच गाड्यांत चालक कंत्राटदाराचा आणि वाहक बेस्टचा असतो. गाडी बंद पडली की वाहक आगाराला फोन लावतो, चालक आपल्या सुपरवायझरला, आणि प्रवासी खाली उतरून मागच्या बसची वाट बघतात. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात ३३२ क्रमांकाची विजेची बस गर्दीत घुसली, माणसे दगावली. चालकाला त्या गाडीचे प्रशिक्षण किती दिवस आणि कुणी दिले, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. तो गाडी रस्त्यावर उतरण्याआधी विचारायचा असतो.

विजेवरचा प्रवास मुंबईला नवा नाही. ७ मे १९०७ रोजी इथे विजेची ट्राम धावली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत धावत राहिली. त्या मधल्या काळात, १९४७ साली, पालिकेने ट्राम, बस आणि वीजपुरवठा यांच्यासकट अख्खी बेस्ट कंपनीच विकत घेतली. हे आपले आहे, असे शहराने ठरवले. बेस्टची वीज आजही माहीम-शीवपर्यंतच. मालाडकरांना बेस्ट ठाऊक आहे ती बसमुळे, आणि आता ती बसही भाड्याची.

ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्ट कामगारांच्या पतपेढीची निवडणूक झाली, तेव्हा वाहिन्यांना बेस्ट आठवली. कोणते पॅनेल पडले, यावर रात्र-रात्र चर्चा झाली. थांब्यावर उभ्या माणसाचा उल्लेख कुठेच नव्हता. मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, म्हणून बेस्ट समितीही नव्हती. जाब विचारायचा कुणाला?

 पालिकेची निवडणूक आली की उमेदवार फराळाचे बॉक्स घेऊन येतात. बॉक्स जरूर घ्या, पण विचारा: बेस्टच्या स्वतःच्या नावावर किती नव्या गाड्या घेणार, त्यासाठी पालिका दरसाल किती पैसे बाजूला काढणार, आणि मार्वे रोडला दोन बसमध्ये किती मिनिटांचे अंतर ठेवणार? गाडी विजेची असणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. त्यावर भाषण नको. आकडे सांगता येत नसतील, तर मतही मागू नये.



— संपादक