जळण वाढेल, पण केव्हा?

चुलीत सुके लाकूड जळत असते तेव्हा तिच्या उबेने शेजारचे ओले लाकूड वाळते. जळते त्यापेक्षा थोडे जास्त वाळले, तर घरातले जळण वाढते. फास्ट ब्रीडर, म्हणजे जलद प्रजनक अणुभट्टीचे तत्त्व असेच आहे. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज फुटणारा भाग जेमतेम ०.७ टक्के असतो. उरलेले जवळजवळ सगळे युरेनियम-२३८, म्हणजे ओले लाकूड. वेगवान न्यूट्रॉन त्याचे प्लुटोनियम करतात आणि ते पुन्हा इंधन म्हणून वापरता येते.

आपल्याकडे युरेनियम कमी, थोरियम भरपूर. म्हणून होमी भाभांनी १९५० च्या दशकात तीन टप्पे आखले: आधी नैसर्गिक युरेनियम, मग प्रजनक भट्ट्या, शेवटी थोरियम. विचार दूरदृष्टीचा होता, यात शंका नाही. अडचण आहे ती काळाची.

तमिळनाडूत कल्पक्कमला छोटी प्रायोगिक भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. ५०० मेगावॉटच्या मोठ्या भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले. ती २०१० पर्यंत वीज देईल असे ठरले होते. प्रत्यक्षात तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. मूळ अंदाज ३,४९२ कोटींचा होता. खर्च दुपटीच्या आसपास गेला. शिवाय या भट्टीत जळणाची वाढ अगदी थोडी होते. तेवढ्याच दुसऱ्या भट्टीपुरते जादा प्लुटोनियम साठायला कित्येक दशके लागतील.

इतरांचा अनुभवही पाहू. रशियाची बीएन-६०० भट्टी १९८० पासून वीज देते आहे, हे मान्य करायलाच हवे. पण फ्रान्सने १,२०० मेगावॉटची सुपरफिनिक्स १९९८ मध्ये बंद केली. जपानच्या मोंजू भट्टीत १९९५ मध्ये सोडियम गळून आग लागली. या भट्ट्या थंड ठेवायला द्रवरूप सोडियम वापरतात आणि तापलेले सोडियम हवा लागली की पेटते. मोंजूच्या आगीत कोणी दगावले नाही. पण चालकांनी अपघाताचे चित्रीकरण काटछाट करून दाखवले आणि लोकांचा विश्वास जळून गेला. २०१६ मध्ये ती भट्टी कायमची मोडीत काढायचे ठरले.

आपल्याला हा धडा जास्त लागू पडतो. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारासाठी २००६ मध्ये नागरी आणि लष्करी केंद्रे वेगळी केली, तेव्हा कल्पक्कमची ही भट्टी आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर ठेवली गेली. त्यामागे सरकारची कारणे असतील. पण बाहेरचा तपासनीस नसेल, तर घरातला तरी स्वतंत्र आणि निर्भीड हवा.

आणि हे फक्त कल्पक्कमच्या मच्छीमारांपुरते नाही. या भट्टीचे प्लुटोनियम-मिश्रित इंधन आपल्या तारापूरला बनते.

माझ्या मते संशोधन थांबवू नये. एवढ्या वर्षांचे कौशल्य वाया घालवणे शहाणपणाचे नाही. पण ही भट्टी काही वर्षे नीट चालून तिचा हिशेब जनतेपुढे येईपर्यंत पुढच्या मोठ्या भट्ट्यांवर पैसा ओतू नये. आजची विजेची गरज दशकांनी वाढणाऱ्या जळणावर टांगून ठेवता येत नाही. किती वीज, किती खर्च, किती वेळा बिघाड, हे दरवर्षी साध्या भाषेत जाहीर व्हावे. आणि जो हे विचारेल त्याला देशाच्या प्रगतीचा शत्रू ठरवू नये. पैसा त्याचाही आहे आणि धोकाही त्याच्याच दाराशी आहे.