निय्यत साफ होती, पण लागलं त्याचं काय?

मागे नववीच्या वर्गात एकाने डब्यातला खाऊ दिला नाही म्हणून दुसरा ओरडला, "अबे यहुदी!" वर्ग हसला. मी विचारलं, तर म्हणतो, "सर, मी त मजाक केली. यहुदी कसे असतात मले काय मालूम?"

पोरगा खरं बोलत होता. नांदगाव खंडेश्वरात त्याला यहुदी भेटणार कुठे? कंजूष माणसाला हा शब्द वापरायचा, हे तो मोठ्यांकडून शिकला. म्हणजे आपल्याच घरांतून.

त्याला रागावणार, तोच मला अमरावतीची एसटी आठवली. शेजारी बसलेला ओळखीचा माणूस आमच्या मोहल्ल्याला "तुमचं पाकिस्तान" म्हणाला होता. माझा चेहरा उतरला तसा म्हणाला, "गंमत केली सर, मनावर नका घेऊ." त्याच्या मनात वाईट नसेलही. पण पुढचा रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला.

आपल्याला लागलं की आपण जखम दाखवतो, दुसऱ्याला लागलं की निय्यत दाखवतो. हे चालणार नाही.

२००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचं हॉटेल निघालं. मालकाचं म्हणणं, हिटलरचा प्रचार करायचा नाही, नाव लोकांच्या लक्षात राहावं एवढंच. मुंबईच्या ज्यूंनी विरोध केला आणि नाव बदललं गेलं. मालक खरं बोलत होता असं धरू. तरी ज्याने सुमारे ६० लाख ज्यू मारले, त्याच्या नावाची पाटी त्यांनी रोज का वाचावी? आणि हे ज्यू परके नाहीत. कोकणातले बेने इस्रायल पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं.

काही भाऊ निय्यतीची हदीस पुढे करतील. हदीस सर-आँखों पर. पण मनातल्या निय्यतीचा हिशेब अल्लाह घेईल, बंद्याचा हक्क बंद्यालाच द्यावा लागतो. चुकून कुणाचा जीव गेला, तरी सूरह निसाच्या ९२व्या आयतीत वारसांना दियत द्यायचा हुकूम आहे. वारस ती माफ करू शकतात. मारणारा स्वतःच स्वतःला माफ करू शकत नाही. निय्यत नसली तर गुन्हा हलका होतो, भरपाई टळत नाही.

आता दुसरी बाजू. गाझातल्या बॉम्बफेकीविरुद्ध तोंड उघडलं की ज्यूद्वेष्टा ठरवणारेही आहेत. कुणी दुखावलं एवढ्यावर आरोप सिद्ध होत नाही. बोट कुणाकडे आहे ते बघा. इस्रायलच्या सरकारकडे असेल तर ती टीका आहे, आणि ती मी करणारच. अलिबागच्या शनिवार तेल्याच्या नातवाकडे वळलं, तर तो द्वेष आहे, मग मनात काहीही असो.

पोराला मी शिक्षा केली नाही. शनिवार तेल्यांची गोष्ट सांगितली. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड, त्यांच्यातलेच, हेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग सर, कंजूषाले काय म्हणू?"

"कंजूष म्हण, बेटा."