सापळ्याऐवजी डालगे

परसातील कुक्कुटपालन, म्हणजे अंगणात मोकळ्या सोडलेल्या मोजक्या कोंबड्यांची जोपासना, हे नागपूर परिसरातील खेड्यांत पूरक उत्पन्नाचे साधन असून, तेथील अंडी व लहान पिल्ले पळविणाऱ्या पक्ष्यांत कावळा आणि त्याच्याच कुळातील लांब शेपटीचा टकाचोर यांची गणना होते. युरोपात याच कुळातील मॅगपायसाठी मूळ डेन्मार्कचा लार्सन सापळा वापरतात. त्याच्या एका कप्प्यात जिवंत मॅगपाय ठेवला जातो आणि हद्दीत शिरलेल्या त्या परक्याला हुसकावण्यास आलेला पक्षी शेजारच्या कप्प्यात अडकतो. भारतात हा मार्ग मोकळा नाही, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या ज्या पाचव्या अनुसूचीने, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीने, कावळ्याला संरक्षणाबाहेर ठेवले होते, ती 2022 च्या दुरुस्तीने वगळली गेली व हा बदल 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला. म्हणून पिल्ले पहिले काही आठवडे डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवणे, अंडी रोज वेळेवर उचलणे आणि दाणा उघड्यावर न सांडणे हाच कायदेशीर व खात्रीचा उपाय होय.