पाय फुटतात ते डबक्यातच

1992 साली 'नेचर' या नियतकालिकात भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातला एक छोटा शोधनिबंध छापून आला आणि जगभरचे जीवशास्त्रज्ञ चक्रावले. ओडिसी नृत्यांगना म्हणूनही नावाजलेल्या प्राणिशास्त्रज्ञ प्रियंवदा मोहंती हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या पिलांच्या शेपट्या कापून ती पिले 'अ' जीवनसत्त्व मिसळलेल्या पाण्यात ठेवली होती. शेपटीच्या जागी पुन्हा शेपटी यायची, पण तिथे फुटले पाय! पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये माल्कम मेडन या शास्त्रज्ञाने युरोपातल्या बेडकावर हेच दाखवून दिले.

हा प्रयोग ज्याच्यावर झाला तो मार्बल्ड बलून फ्रॉग महाराष्ट्रातही आहे. अंगाने गोलमटोल, वर्षाचा बराच काळ जमिनीत गाडून घेणारा आणि दमदार पाऊस पडला की वर येणारा. अंडी घालायला त्याला साचलेले पाणी लागते. ते बहुधा कुणाच्या तरी धुऱ्यालगत असते.

तुटलेला अवयव पुन्हा उगवण्याची ताकद सॅलमँडर आयुष्यभर बाळगतो. जखमेवर कातडीचा पातळ थर चढतो, त्याखाली पेशींचा कोंब तयार होतो आणि त्यातून हाड, स्नायू, बोटे असा अख्खा पाय घडतो. कोंबाला मज्जातंतूंची साथ लागते, जखम साफ करणाऱ्या भक्षक पेशीही लागतात. त्या पेशी काढून टाकल्या तर सॅलमँडरलाही नुसता व्रण उरतो. भारतात मात्र सॅलमँडर आहे तो दार्जिलिंग-सिक्कीमकडे. आपल्याकडे ही ताकद शोधायची तर बेडकाच्या पिलातच, आणि तिथे तिला मुदत असते. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या पिलाचा पाय लवकर तुटला तर पूर्ण उगवतो, उशिरा तुटला तर बोटे कमी येतात. मोठ्या बेडकाला फक्त कूर्चेचा एक सुळका फुटतो.

ही मुदत ओलांडता येईल का, याचा शोध चालू आहे. 2022 मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स आणि हार्वर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी मोठ्या झेनोपसच्या तुटलेल्या पायावर पाच औषधे भरलेली टोपी फक्त 24 तास बसवली. पुढच्या 18 महिन्यांत हाड, मज्जातंतू असलेला, पोहायला उपयोगी पडणारा पाय वाढला. बोटांची नुसती सुरुवात दिसली, पण एका दिवसाच्या उपचाराने दीड वर्षाची वाढ सुरू झाली. लहान मुलांच्या बोटाचे तुटलेले टोकही नीट जपले तर पुन्हा भरून येते. अपघातात हातपाय गमावलेल्यांसाठी या वाटेवर काही सापडायचे असेल, तर बेडूक जिवंत राहायला हवेत.

इथे वाशिम जिल्ह्याचा संबंध येतो. हा सोयाबीनचा जिल्हा. मृगाच्या पावसावर पेरणी होते आणि त्याच पावसावर बेडकांची वीण. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी तणनाशकाची फवारणी येते, तेव्हा नाल्याकाठच्या डबक्यात पिलांच्या शेपटीच्या मुळाशी मोहरीएवढे कोंब दिसू लागलेले असतात. तेच पुढे मागचे पाय होतात. फवारणी संपली की पाठीवरचा पंप जवळच्या पाण्यात विसळला जातो. पाणी क्षणभर दुधाळ होते, मग निवळते. निवळले म्हणून ते निर्धोक झाले असे नव्हे. अमेरिकेत रिक रेलिया यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत राउंडअप हे तणनाशक मिसळलेल्या पाण्यात बेडकांची बहुतेक पिले मेली होती.

सगळा दोष एकट्या औषधाला देणेही चूक ठरेल. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलांना एका तळ्याकाठी वेड्यावाकड्या पायांचे बेडूक सापडले. अशा व्यंगांमागे अनेक ठिकाणी एक परजीवी चपटकृमी असल्याचे पुढे सिद्ध झाले. पण खत पाण्यात उतरले की शेवाळ वाढते, शेवाळावर गोगलगायी पोसतात आणि हा कृमी गोगलगायीतूनच येतो. म्हणजे माग काढत गेले की वाट शेतापाशी पोहोचतेच. पश्चिम घाटातल्या शेतीपट्ट्यातही व्यंग असलेल्या बेडकांच्या नोंदी झाल्या आहेत.

निंदणाला मजूर मिळत नाही, तणनाशकाशिवाय भागत नाही, हे शेतकऱ्याचे म्हणणे खरे आहे आणि ते सोडा असे कुणी म्हणू नये. पण पंप डबक्यात न विसळता बांधापासून दूर पडीक जागेवर धुणे, साचलेल्या पाण्याभोवती काही हात पट्टा फवारणीविना सोडणे, यात एक पैसाही जात नाही. हाच बेडूक पिकातले किडे खातो, म्हणून तर 1987 मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. आणि फवारणीची काळजी माणसासाठीही तितकीच गरजेची आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, हे वऱ्हाड विसरलेला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातले विच्छेदन थांबवले. तो वेळ आता डबक्याकाठी जावा. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या महाविद्यालयांनी जून ते ऑगस्ट ठरावीक डबक्यांतली पिले मोजावीत, जाती ओळखाव्यात, पाय नीट फुटले की नाही ते पाहून पुन्हा पाण्यात सोडावीत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्याच डबक्यांतले पाणी तपासावे आणि कृषी सहायकांनी फवारणीच्या सल्ल्यात पंप कुठे धुवायचा ही ओळ घालावी. येत्या पेरणीआधी एवढे ठरले, तर दिवाळीपर्यंत जिल्ह्याच्या हाती पहिल्या हंगामाची आकडेवारी असेल.