अमेरिकेतलं यादवी युद्ध: भांडण कराचं की गुलामगिरीचं?

साउथ कॅरोलायनाच्या माजी गव्हर्नर निकी हेली यांना डिसेंबर २०२३ मध्ये यादवी युद्धाचं कारण विचारलं गेलं. उत्तरात गुलामगिरीचा उल्लेखच नव्हता. टीका झाल्यावर सारवासारव झाली.

'युद्ध आयात करावरून झालं' हा युक्तिवादही जुनाच. वाद होता, हे खरं. उत्तरेच्या कारखानदारांना परदेशी मालावर जास्त कर हवा होता, कापूस निर्यात करणाऱ्या दक्षिणेला नको होता. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने तो कर धुडकावलाही. पण १८६० मध्ये हे राज्य फुटलं, तेव्हा कर कमीच होते. फुटण्याची कारणं सांगणाऱ्या त्याच्या जाहीरनाम्यात कराची तक्रार नाही. पळालेले गुलाम उत्तरेतली राज्यं परत करत नाहीत, ही मात्र आहे. शिवाय जवळपास ४० लाख गुलाम हीच दक्षिणेची मोठी मालमत्ता होती. मग 'आर्थिक कारण' वेगळं काढणार कसं?