पिंजारीचा शेख कशासाठी?

मागच्या महिन्यात चुलत भावाच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. जन्मभर पिंजारी आडनाव लावणारे माझे चाचा त्या पत्रिकेत 'शेख' झाले होते. मी फोन केला. चाचा म्हणाले, "अरे, मुलीकडचे मोठे लोक आहेत. पिंजारी म्हटलं की कमी वाटतं."

कमी कोणापेक्षा?

शेख म्हणजे अरबीत वडीलधारा, टोळीचा म्होरक्या. खान ही तुर्क-मंगोलांची पदवी. चंगेझ खान मुसलमान नव्हता. म्हणजे खान लावून कुणी जास्त मुसलमान होत नाही. पिंजारी हा शब्द आपल्या 'पिंजणे' या मराठी क्रियापदातून आला. नदाफ हा त्याच कामाचा अरबी शब्द. ज्या मन्सूरला बगदादमध्ये ९२२ साली देहदंड झाला, त्याला लोक 'अल-हल्लाज' म्हणत. हल्लाज म्हणजेही कापूस पिंजणारा! जे नाव बगदादच्या सूफीला चाललं, ते जळगावात लाजिरवाणं कसं?

तांबोळी विड्याच्या पानांचा, अत्तार सुगंधाचा, शिकलगार हत्यारांना धार लावणारा. ही सगळी कष्टाची नावं आहेत. शेजारचे फडणीस, चिटणीस, पारसनीस यांच्या आडनावातला 'नीस' फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. त्यांना त्या फारसीची लाज वाटत नाही. आपल्याला मात्र आपल्या मराठीची वाटते.

काही मित्र म्हणतात, "इस्लाममध्ये जात नाही, मग जातीचं आडनाव कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे. पण मग एवढं सांगा : पिंजारीचे शेख होतात, शेखांचा पिंजारी झालेला कुणी पाहिलाय का? वाट एकाच दिशेने जाते, कारण उतरंड आहे. आडनाव लपवून ती मोडत नाही. उलट, वरच्या पायरीला आपण सलाम ठोकतो.

याची किंमतही मोजावी लागते. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशावेळी अब्बांचा शाळेचा दाखला काढला, तर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान'. ओबीसी प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या दाखल्यावर 'पिंजारी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून प्रमाणपत्र मिळालं आणि निम्मी फी वाचली. ती फी भरण्याची अब्बांची ऐपत नव्हती. आज मी कोड लिहून पोट भरतो, ते त्या एका शब्दामुळे.

पत्रिकेतलं आडनाव उद्या भावाच्या मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर जाईल, तिथून आधार कार्डावर. डेटाबेसमधली नोंद बदलली आणि बॅकअप नसेल, तर जुनी परत मिळत नाही, हे माझ्या धंद्यातलं साधं सत्य आहे. त्या मुलांना आपला पणजोबा काय काम करायचा, हे कोण सांगणार? आणि पुरावा कुठून आणणार?

तेव्हा तरुण दोस्तांनो, घरातली ट्रंक उघडा. आजोबांचा दाखला शोधा, स्कॅन करून ठेवा. आणि कुणी आडनाव विचारलं, तर आवाज खाली न आणता सांगा.

मी चाचांना तेवढंच म्हणालो : वलीमाला येईन, पण आहेराच्या पाकिटावर पिंजारीच लिहीन.