शिखराआधीची तयारी

तेलंगणातील निवासी शाळेची तेरा वर्षांची विद्यार्थिनी मालावत पूर्णा हिने २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्ट सर केले, हे आपण अभिमानाने सांगतो. तिच्या दार्जिलिंग व लडाखमधील प्रशिक्षणाविषयी क्वचितच बोलतो. आमच्या मुलांना उत्तराखंडातील केदारकंठ्यावर (सुमारे ३,८०० मीटर) न्यावे, असे आम्हांस वाटते. पालक प्रथम स्वेटरची चौकशी करतात. तयारी मात्र तीन महिने आधी सुरू व्हावी: धावणे, पाठीवर ओझे घेऊन चढणे, नवे बूट वापरून पायांत बसवणे. कळसूबाई १,६४६ मीटर; तेथे पळत चढणारा मुलगाही विरळ हवेत आजारी पडू शकतो. म्हणून तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये.

आम्हांस थंडीपेक्षा मुलांच्या मौनाचे भय अधिक वाटते. आपल्यामुळे सर्वांना परतावे लागेल, या संकोचाने आमची मुले डोकेदुखी, मळमळ लपवतात. ती सांगणाऱ्यास आपण भित्रा म्हणणार असू, तर त्यास वर नेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माजी विद्यार्थ्यांनी बूट द्यावेत, पण नवे. जुने बूट दुसऱ्याच्या पायाला घडलेले असतात.